मैत्रिणीने स्वतः रंगवलेलं लघुचित्र: कुठे ठेवायचं, कसं बघायचं आणि तिला काय द्यायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमची मैत्रीण उदयपूरला एका गुरूंकडे लघुचित्रं शिकली आणि वाढदिवसाला तिने तुम्हाला स्वतः रंगवलेलं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं चित्र दिलं. काळ्या ढगांखाली नाचणारा निळा पुरुष, बाजूला मृदंग आणि झांजा वाजवणाऱ्या स्त्रिया, कडेने सोनेरी पट्टी. तुम्ही ठाण्यात राहता. चित्राच्या कडा जराशा वर वळल्या आहेत. फ्रेमवाला म्हणाला, बोर्डावर चिकटवून, वर काच लावून संध्याकाळपर्यंत देतो. तुम्हाला ते पटलं नाही, म्हणून चित्र परत आणलंत आणि आता ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आहे. शेवटी तुम्ही विचारलं आहे, ‘मला कलेतलं काही कळत नाही, तिला काय बोलू? आणि एवढ्या मोठ्या भेटीची परतफेड कशी करू?’

मी कागदावरच्या चित्रांच्या आणि हस्तलिखितांच्या जतनाचं काम करते. अशी भेट मिळालेली माणसं माझ्याकडे नेहमी येतात आणि बहुतेकांची अवस्था तुमच्यासारखीच असते. चित्र खराब होईल या धास्तीने ते कपाटात जातं आणि मग वर्षानुवर्षं कुणी बघतच नाही. तुमचे प्रश्न फ्रेमचे, भिंतीचे आणि परतफेडीचे वाटतात, पण त्या सगळ्यांच्या मुळाशी ही धास्ती आहे. लघुचित्र हे हातात घेऊन जवळून बघण्यासाठी केलेलं असतं. दरबारात ती मांडीवर ठेवून, एकेक पान उलटत बघितली जायची. भिंतीवर टांगायची पद्धत पुष्कळ नंतरची. त्यामुळे ते सांभाळायचं कसं, याचं उत्तर ते बघायचं कसं यातूनच काढायला हवं.

सगळ्यात आधी ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाहेर काढा. ठाण्याच्या हवेत बंद पिशवीत ओल अडकते आणि बुरशीला तेवढं पुरतं. स्वच्छ पांढऱ्या कागदाच्या पाकिटात किंवा दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा, वर-खाली एकेक पुठ्ठा द्या, पण घट्ट बांधू नका. हे आजच करा. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.

आता ते चित्र कशाचं बनलंय ते बघू, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर उभा आहे. पारंपरिक पद्धतीने शिकलेली माणसं वसलीवर रंगवतात. हातकागदाचे तीन-चार थर लेईने एकमेकांवर चिकटवले की वसली होते. जुने लोक त्या लेईत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. वसली वाळली की अकीकाच्या दगडाने घोटून गुळगुळीत करतात. त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, मग रेषा, मग रंगांचे थर, आणि मध्येमध्ये चित्र पालथं घालून मागून पुन्हा घोटाई. रंगाला धरून ठेवतो तो डिंक. शेवटी बारीक ठिपक्या-रेषांनी सावल्या, डोळ्यांच्या कडा, सोनं आणि मोती. मोती बहुतेकदा पांढऱ्या रंगाचे थेंब असतात आणि ते कागदावर खरोखरच उचललेले असतात. चित्र तिरकं धरलंत तर दिसतील.

यातून तीन गोष्टी आपोआप निघतात. डिंक पाण्यात विरघळतो, म्हणून ओलं फडकं, ओलं बोट, शिंक, चहाचा कप यातलं काहीही चित्राजवळ नको. लेई हे कसरीचं आवडतं खाणं आहे, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या गठ्ठ्यात हे चित्र ठेवू नका. आणि रंगाला उठाव आहे, म्हणून काच त्याला टेकता कामा नये. टेकली तर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो आणि काच काढताना मोती काचेबरोबर निघून येतात. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या लघुचित्रांमध्ये हे नुकसान मी सगळ्यात जास्त बघते. एकदा झालं की ते पूर्ववत होत नाही.

काही गोष्टी मात्र मला इथून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या मैत्रिणीलाच विचाराव्या लागतील. तिने दगडांचे आणि मातीचे रंग वापरलेत की ट्यूबमधले? गेरू आणि काजळ प्रकाशात वर्षानुवर्षं टिकतात. नीळ हळूहळू उडते. हरताळाचा पिवळा प्रकाशात फिका पडतो, तर हिंगुळाचा लाल कधीकधी काळवंडतो. लाखेचा लाल तर फारच नाजूक. ट्यूबच्या रंगांत काही उत्तम टिकतात, काही दोन-चार वर्षांत उतरतात, ते रंगावर अवलंबून आहे. सोनं खऱ्या वर्खाचं आहे की सोनेरी पावडरीचं? वर्खाचं सोनं काळं पडत नाही, पितळी पावडर दमट हवेत पडते. कागद नवा आहे की जुना? राजस्थानात जुन्या वह्यांच्या, स्टँपपेपरच्या कागदावर रंगवायची एक पद्धत आहे. तो कागद आधीच ठिसूळ झालेला असतो, त्याला वसलीपेक्षा जास्त जपावं लागतं. हे सगळं विचारायला संकोचू नका. घरी गेल्यावर आपल्या चित्राचं काय होणार याची काळजी प्रत्येक चित्रकाराला असते. कुणी विचारलं तर त्यांना बरंच वाटतं.

कडा वळल्यात त्याबद्दल. वसलीची एक बाजू रंगाने झाकलेली, दुसरी मोकळी. दमट हवेत दोन्ही बाजू सारखं पाणी ओढत नाहीत, म्हणून एका बाजूने भाजलेल्या पापडासारखी ती जराशी वळते. थोडा बाक हा दोष नाही. इस्त्री करू नका, जाड पुस्तकांखाली दाबू नका, उलटा बाक देऊन सरळ करायला जाऊ नका, त्याने रंगाला तडे जातात. हवा कोरडी झाली की बाक बराचसा आपसूक कमी होतो. नागपूरच्या किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात याच्या उलट अडचण असते. तिथे वसली फार कोरडी पडते आणि थर सुटायला लागतात. तिथल्या माणसाला मी वेगळा सल्ला दिला असता.

फ्रेमवाल्याकडून तुम्ही चित्र परत आणलंत ते फार चांगलं केलंत. बोर्डावर चिकटवणं म्हणजे चित्राची मागची बाजू कायमची गमावणं. फेव्हिकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप, सेलोटेप, गरम प्रेस, लॅमिनेशन, सगळ्याला नाही म्हणा. मागची बाजू इतकी महत्त्वाची का, तेही सांगते. मेवाडच्या, म्हणजे उदयपूरच्या, राजसंग्रहातल्या चित्रांच्या पाठीवर यादीतले क्रमांक आणि किमती लिहिलेल्या सापडतात. बिकानेरच्या चित्रांच्या पाठीवर चित्रकारांची नावं आणि तारखा. आज आपल्याला कुठलं चित्र कोणाचं आणि कधीचं हे जे कळतं, त्यातलं पुष्कळसं पाठीमुळे कळतं. तुमच्या मैत्रिणीनेही मागे काही लिहिलं असेल. नसेल तर तिच्याकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: नाव, तारीख, गाव, विषय, कागद, रंग, कशासाठी दिलं. चिठ्ठी चित्रासोबत ठेवा, चित्रावर चिकटवू नका. चित्राच्या पाठीवर तुम्ही स्वतः पेनने काही लिहू नका, शाई पुढे उतरते.

फ्रेम करायचीच असेल तर फ्रेमवाल्याला काय सांगायचं? खिडकी कापलेला माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा आणि तो ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या, बोर्डाचा हवा. साध्या माउंटबोर्डाची कापलेली कड काही वर्षांत तपकिरी पडते आणि तोच तपकिरीपणा चित्राच्या कडेवर उतरतो. चित्र कशालाही चिकटवायचं नाही, चार कोपऱ्यांना ॲसिड-फ्री कागदाच्या खोबणी करून त्यांत बसवायचं. काही जतनकार पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या लावतात. साध्या कागदावरच्या चित्राला मीही लावते, पण वसलीला नाही. वसली जड असते आणि थरांची असते. बिजागरी तिच्या फक्त शेवटच्या थराला धरते, म्हणजे सगळं वजन त्या एका थरावर येतं आणि तो सुटू शकतो. कोपऱ्यांत बसवलेलं चित्र कधीही सहज बाहेर काढता येतं. काच आणि चित्र यांच्यात किमान तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा हवी, त्यासाठी माउंट दुहेरी घ्या किंवा आत पट्टी लावा. अतिनील किरण अडवणारी काच मिळत असेल तर घ्या, तिच्यावर खर्च करण्यात अर्थ आहे. मागे प्लायवूड किंवा हार्डबोर्ड नको, त्यातून आम्लाची वाफ येत राहते. ॲसिड-फ्री बोर्ड किंवा पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचा पन्हळी पत्रा चालेल. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळेल. दुकानदार म्हणाला की एवढं कुणी करत नाही, तर दुसरा दुकानदार बघा. हे संध्याकाळपर्यंत होणारं काम नाही.

एका चिठ्ठीवर लिहून न्यायचं तर एवढंच लिहा: चिकटवायचं नाही, कोपऱ्यांत बसवायचं, काच टेकवायची नाही, आत-मागे सगळा बोर्ड ॲसिड-फ्री.

पण फ्रेम करायलाच हवी का? माझं स्पष्ट मत असं की तुमच्या चित्राला माउंट हवा आणि पेटी हवी, फ्रेम असली काय नि नसली काय. प्रकाशाने होणारं नुकसान साठत जातं, दिवा बंद केला म्हणून झालेलं भरून येत नाही. कागदावरच्या चित्रांसाठी संग्रहालयांत साधारण 50 लक्स (लक्स हे प्रकाशाचं माप) प्रकाश ठेवतात, तोही काही महिन्यांपुरता, मग चित्र पुन्हा अंधारात विश्रांतीला जातं. आपल्या दिवाणखान्यात दिवसा खिडकीजवळ याच्या कितीतरी पट प्रकाश असतो आणि थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. भिंतीवरचं चित्र कुणी बघत नसतानाही दिवसभर हा प्रकाश खात राहतं. शिवाय भिंतीवरच्या वस्तूची नजरेला सवय होते आणि आपण ती बघेनासे होतो. एवढ्या बारीक कामाचं चित्र सोफ्याच्या पलीकडून दिसतच नाही, नुसता रंगीत चौकोन दिसतो. पेटीतून काढून, टेबलावर ठेवून दहा मिनिटं बघितलंत तर तुम्ही ते खरोखर बघितलंत.

तरीही तुम्हाला ते रोज डोळ्यांसमोर हवं असेल, तर ती इच्छा रास्त आहे. मग घरातली आतली भिंत निवडा, जिथे ऊन येत नाही आणि जिच्यामागे न्हाणीघर नाही. बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते, ती टाळा. स्वयंपाकघराजवळ तेलाची वाफ, देवघराजवळ उदबत्तीचा धूर, एसीच्या झोताखाली थंड-गरम हवा, हे सगळं नको. दिवाळीपासून होळीपर्यंत भिंतीवर ठेवा आणि पावसाळ्याआधी उतरवून पेटीत ठेवा, हा ठाणे-मुंबईसाठी मला चांगला वाटणारा नियम आहे.

पेटी ॲसिड-फ्री पुठ्ठ्याची असावी आणि कपाटाच्या मधल्या कप्प्यात, बाहेरच्या भिंतीपासून दूर आडवी ठेवावी. डांबराच्या गोळ्या आत टाकू नका. कडुलिंबाची पानंही नकोत, ती वाळून चुरा होतात आणि डाग पाडतात. पावसाळ्यात एखादा कोरडा, उघडीपीचा दिवस बघून पेटी उघडा, चित्राला तासभर पंख्याच्या थेट झोताबाहेर सावलीत मोकळी हवा द्या आणि दोन्ही बाजू नीट बघा. चित्र धरताना हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, रंगाला बोट लावू नका आणि खाली आधाराला पुठ्ठा असू द्या. सुती हातमोज्यांची गरज नाही, त्यांचे धागे कडांना अडकतात.

आता ‘मला कलेतलं काही कळत नाही’ याकडे वळते, कारण तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोलाचा भाग मला हा वाटला. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून हे रागमालेतलं मेघ रागाचं चित्र असावं. राग-रागिण्यांना माणसांचं रूप देऊन, ऋतू आणि प्रहर दाखवत रंगवलेल्या मालिका म्हणजे रागमाला. तुमची मैत्रीण ज्या मेवाडात शिकली तिथे 1605 मध्ये चावंड इथे निसारदी या चित्रकाराने एक रागमाला रंगवली, आणि 1628 मध्ये साहिबदीनने दुसरी. म्हणजे तुमच्या हातातल्या विषयाला तिथे चारशे वर्षांची वाट आहे. ही कला आपल्यापासून लांबची आहे असंही समजू नका. अहमदनगरच्या निजामशाहीत साधारण 1565 साली ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित तयार झालं. दख्खनी चित्रशैलीच्या अगदी सुरुवातीच्या नमुन्यांपैकी ते एक आहे आणि आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहात आहे.

बघायला सुरुवात कुठून करायची? डोळ्यांपासून. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात म्हटलं आहे की एकाच चित्रात चेहरा एकाने आणि डोळा-भुवई दुसऱ्याने काढली असली, तरी कोणतं काम कोणाचं ते मी ओळखतो. एवढी नजर आपल्याला नसली तरी हात तिथेच कळतो हे खरं. साधं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. भुवईची रेषा कुठे सुरू होते, कुठे जाड होते आणि कुठे विरते ते बघा. मग केसांची कड, कपाळाशी सुटलेले एक-दोन केस. मग पाऊस: तो पांढऱ्या रेषांचा आहे की ठिपक्यांचा, रेषा ढगाच्या आत सुरू होतात की खाली? निळ्या अंगावर सावली एका रंगाने सपाट दिलीय की बारीक ठिपक्यांनी वाढवत नेलीय? ठिपक्यांनी असेल तर तिथे एका बोटभर जागेत तिचे कित्येक तास गेलेत. शेवटी चित्र हातात घेऊन खिडकीपासून लांब, उजेडात हळूच तिरकं करा. घोटलेलं सोनं एका विशिष्ट कोनात पेटतं. भिंतीवर सरळ टांगलेल्या चित्रात ही गोष्ट कधीच दिसत नाही.

आणि मग तिला हेच सांगा. ‘खूप सुंदर आहे’ हे वाक्य तिने प्रत्येकाकडून ऐकलं असणार. ‘डावीकडच्या मृदंगवालीची बोटं वेगवेगळी दिसतात, ती तू कशी केलीस?’ असं विचारलंत तर तिला कळेल की तुम्ही बघितलं. माझ्या ओळखीच्या लघुचित्रकारांना एवढ्या बारकाईने बघणारा माणूस क्वचितच भेटतो. लोक किंमत विचारतात, किती दिवस लागले ते विचारतात, बोटांबद्दल कुणी विचारत नाही. कळत नाही म्हणणाऱ्या माणसाने नीट बघून विचारलेला प्रश्न मला तज्ज्ञाच्या कौतुकापेक्षा मोठा वाटतो.

परतफेडीचं म्हणाल तर पैसे देऊ नका आणि तेवढ्याच किमतीची वस्तू शोधायलाही जाऊ नका. तिने आपला वेळ दिलाय, त्याची बरोबरी साडीने किंवा मिक्सरने होत नाही, आणि तशी केलीत तर भेटीचा व्यवहार होतो. चित्र नीट माउंट करून घ्या आणि ती घरी आली की पेटी काढून तिच्यासोबत बघा. पुढे कधी दुसरं चित्र हवंसं वाटलं, तर ते मात्र रीतसर मागा, किंमत तिला सांगू द्या आणि घासाघीस न करता द्या. ‘आपलीच आहे, देईल’ या समजुतीने मैत्रीत किती चित्रकारांची कामं फुकट गेलीत ते मी जवळून बघितलंय.

तीन गोष्टी कायद्याच्या. चित्र तुमचं झालं तरी त्याचा कॉपीराइट तिच्याकडेच राहतो. फोटो सोशल मीडियावर टाकायचा असेल तर तिला विचारा आणि तिचं नाव लिहा. लग्नपत्रिकेवर, कपावर किंवा कॅलेंडरवर छापायचं असेल तर तिची लेखी परवानगी घ्या. दुसरं, नातेवाईक नसलेल्या व्यक्तीकडून वर्षभरात मिळालेल्या चित्रांसारख्या भेटींचं एकूण बाजारमूल्य 50,000 रुपयांच्या वर गेलं तर ते करपात्र उत्पन्नात धरलं जातं. लग्नातल्या भेटींना सूट आहे, वाढदिवसाच्या भेटींना नाही. तुमच्या चित्राला बहुधा हे लागू होणार नाही, पण ती नावाजलेली चित्रकार असेल तर सीएला विचारून ठेवा. तिसरं, चित्र परदेशी नेणार असाल तर तिच्या सहीची, तारीख घातलेली चिठ्ठी सोबत ठेवा. शंभर वर्षांहून जुन्या चित्रांना देशाबाहेर नेता येत नाही. पारंपरिक शैलीतलं नवं चित्रही विमानतळावर जुनं वाटू शकतं. जुन्या कागदावर रंगवलेलं असेल तर निघण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या.

आणि कधी काही बिघडलंच, रंगाचा कण सुटला, मोती गळला, तर आधी तिला कळवा. लपवू नका आणि दुसऱ्या कुणाकडून रंग भरून घेऊ नका. तो रंग कसा घोटला, डिंक किती घातला हे तिलाच माहीत आहे. सुटलेला कण सापडला तर कागदाच्या पुडीत जपून ठेवा. बुरशी किंवा कीड दिसली तर मात्र फडक्याने पुसू नका, पुसल्याने ती रंगात घासली जाते. चित्र इतर कागदांपासून वेगळं करा, कोरड्या हवेच्या खोलीत ठेवा आणि कागदाच्या जतनाचं शिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलाजतन केंद्र आहे, ठाण्याहून तिथे चौकशी करणं तुम्हाला सोयीचं पडेल.